माझ्या नावावरचे पाच वन्स मोअर

या अंकाचे संपादक परवा घरी आले आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाले, "मास्तर, एवढी वर्षं फुकटात नाटकं पाहिलीत. काही गमतीजमती लिहून द्या की. दिवाळीचा अंक आहे, हलकंफुलकं असू द्या."

फुकटात! हा शब्द ऐकला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. निम्म्या सोलापूरची माझ्या धंद्याबद्दल एवढीच समजूत आहे. हा गृहस्थ पुढच्या खुर्चीत बसतो, मध्यंतरात कंपनीचा चहा पितो, विडा चघळतो आणि शनिवारच्या पेपरात चार ओळी खरडतो. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचीही हीच समजूत. नाटक कंपनीचा मुक्काम पडला की तो हटकून माझ्याकडे पास मागायला येई. मी देत नसे, म्हणून एका दिवाळीला तो फराळाला आला नाही. न येऊ दे. चकल्या उरल्या, त्या मीच खाल्ल्या.

तर संपादकमहाशय, हलकंफुलकं माझ्याकडे काही नाही. जे आहे ते देतो. छापायचं तर जसंच्या तसं छापा, आणि कात्री लावायची असेल तर कागद परत पाठवा. कात्रीचा मला पुरेसा अनुभव आहे.

आधी धंदा सांगतो. मी शाळामास्तर होतो. ती नोकरी सोडून सिद्रामअण्णांच्या साप्ताहिकात गेलो आणि अकरा वर्षं तिथे नाटकांची परीक्षणं लिहिली, स्वतःच्या नावाने. अण्णा मूळचे तेलाचे व्यापारी. घरात कानडी, पेढीवर मराठी, आणि राग आला की दोन्ही. छापखाना त्यांनी हौसेने काढला होता. नाटकाचं त्यांना काही कळत नसे, पण माझं परीक्षण असलं की अंक हातोहात जातो एवढं कळत असे, म्हणून ते माझ्या वाटेला जात नसत.

मी एकच नाटक तीनदा बघायचो. पहिल्यांदा खुर्चीतून, नुसतं डोळ्यांनी, कोण कुठे उभा राहतो आणि कोण कुणाच्या तोंडासमोर येतो ते. दुसऱ्यांदा पिटात, म्हणजे अगदी पुढे जमिनीवर, स्वतःच्या तिकिटाने, मागावर काम करणाऱ्या मंडळींच्या मांडीला मांडी लावून. आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकायला. या तिसऱ्या वेळेला शेजारचे लोक म्हणत, परीक्षक झोपले. म्हणोत बापडे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर नाटक उद्या पुन्हा होतं, म्हणून. आज नटाने वाक्य गिळलं असेल तर उद्या तो नीट म्हणू शकतो. आज पद लांबलं असेल तर परवा आखडता येतं. लिहिणाऱ्याने नीट पाहून नीट लिहिलं तर पुढच्या खेळाला त्याचा उपयोग होतो. माझ्या धंद्याचं काम एवढंच आहे. स्तुती करायला भाट आहेत आणि शिव्या द्यायला गॅलरी आहे.

आता या धंद्यातली लबाडी. कंपनी गावात आली की तिचा मॅनेजर पहिल्याच सकाळी सगळ्या छापखान्यांतून फिरे. त्याच्या हातात तीन वस्तू असत: जाहिरात, पास आणि एक पाकीट. पाकिटात परीक्षण असे. पडदा वर जायच्या आधीच सुबक अक्षरात लिहून तयार! 'कालचा प्रयोग बहारीचा झाला', 'थिएटर चिकार भरले होते', खाली नाव घालायला जागा कोरी. पुष्कळ पेपरवाले ते तसंच्या तसं छापत. मी पाकीट न फोडता परत करायचो.

मग कंपनीवाले कात्री काढत. एकदा मी एका नटाबद्दल लिहिलं, 'यांच्या आवाजाच्या गोडव्याला एके काळी तोड नव्हती. आज तो गोडवा शोधावा लागतो.' पुढच्या आठवड्यात भिंतीभिंतीवर हँडबिल: 'यांच्या आवाजाच्या गोडव्याला तोड नाही', खाली माझं नाव. मी तणतणत मॅनेजरकडे गेलो. तो शांतपणे म्हणतो, "अहो, कागदावर जागा कमी होती." तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य असं लिहू लागलो की कुठूनही कापलं तरी त्यातून रक्त निघावं. भाषा त्यामुळे थोडी राठ झाली, हे मला मान्य आहे.

आता मल्हाररावांची गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच मी लेखणी धरली आहे.

मल्हारराव कुंभारीकर हे स्त्रीपार्टी. म्हणजे नायिकेचं काम करणारे पुरुष, त्या काळच्या रीतीप्रमाणे. कुंभारी आपल्या सोलापूरला लागूनच. तिथल्या धनगराच्या घरचा, मेंढरांमागे गात फिरणारा मुलगा एका कंपनीवाल्याने उचलला आणि त्याची नायिका केली. स्टेजवर हा माणूस 'प्राणनाथ, मजवर का बरं रुष्ट झालात?' असं तुपात भिजलेलं मराठी बोले, आणि विंगेत गेला की, "पानी आना की रं, घसा सुकलाय." ते सोळा वर्षांचे असताना मी त्यांना ऐकलं होतं. नंतर ते दूरच्या मुलखात फिरत राहिले. बोलपट येण्याच्या आदल्या वर्षी ते सोलापुरात आले तेव्हा चाळिशीला टेकले होते. शालूत पोट लपत नव्हतं, पण मान वळवली की अजून थिएटर गप्प व्हायचं.

नाटकाच्या दुसऱ्या अंकात नायिकेचं एक पद होतं, फार उंच पट्टीतलं. पहिल्या खेळाला ते संपतंय न संपतंय तोच गॅलरीतून 'वन्स मोअर'! मल्हाररावांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा ओरडा, पुन्हा पद. तिसऱ्या खेपेला वरचा सूर चिरकला. त्यांनी पदराने तोंड पुसल्यासारखं करून खोकला दाबला आणि चौथ्यांदा म्हटलं.

दुसऱ्या खेळाला मी पिटात होतो. माझ्या शेजारी नरसय्या, मागावर लुगडी विणणारा, एकही नाटक न चुकवणारा. तेलुगू माणूस, मराठी मोडकं, पण कान असा की माझ्या कानाने त्याच्यापुढे पाणी भरावं. तो माझ्या कानाला लागून म्हणाला, "मास्तर, वन्स मोअर कोन मागतंय बघा की. वर डावीकडं. रोज तेच तीन मानूस. गानं संपायच्या आधी वरडतंय. आयकत न्हाय, नुसतं वरडतंय."

मी वळून पाहिलं. खरंच, डाव्या कोपऱ्यात तिघे जण, पद संपायच्या आधीच उठून उभे. भाड्याची ओरड! स्वतःची ओरडणारी माणसं पदरी बाळगणारे नट मी पाहिले होते. मी मनाशी पक्कं ठरवलं की हे मल्हाररावांचंच काम. वय झालं, आवाज गेला, पण हौस जात नाही. आणि शनिवारच्या अंकासाठी तसंच लिहिलं: 'जो आवाज गावाला जपून ऐकवायचा, तो विकत घेतलेल्या ओरडीसाठी उधळला जात आहे, आणि उधळणारा स्वतः त्याचा मालक आहे.'

शनिवारी सकाळी अंक निघाला आणि दहाच्या सुमारास मल्हारराव छापखान्यात हजर. धोतर, कोट, डोक्याला रुमाल. केस लांब, ते रुमालात कोंबलेले. अंक हातात होता. अक्षरओळख बेताचीच, कुणाकडून तरी वाचून घेतला असावा. मी भांडायच्या तयारीने उभा राहिलो.

ते म्हणाले, "मास्तर, मी न्हाय हो मानसं लावली. देवाशपत न्हाय. मला वाटलं गावची मानसं हायती. कुंभारीची. आपल्या मानसांनी मागितल्यावर न्हाय कसं म्हनू? म्हनून गातोय. रगत पडतंय घशातनं, तरी गातोय."

मी म्हटलं, "रोज तीच माणसं, तुम्हाला दिसत नाहीत?"

"समोर दिवं असत्यात की. दिव्यांच्या पल्याड नुसता अंदार. आवाज तेवढा येतो."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, चला, तुमच्या बिऱ्हाडी जाऊ. कंपनी एका धर्मशाळेत उतरली होती. आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची पंगत बसली होती. मल्हाररावांचं ताट नेहमी वेगळं, आपल्या खोलीत. पंगतीकडे ते फिरकत नसत. पंगतीच्या टोकाला तेच तिघे भाकरी मोडत बसले होते. मी बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

"ते व्हय? मॅनेजरसायबाची मानसं. हँडबिलं चिकटवत्यात."

"गॅलरीत डाव्या कोपऱ्यात बसतात ते हेच."

मल्हाररावांनी पंगतीकडे पाठ फिरवली. मग खोलीत गेले. मी पाठोपाठ गेलो. ते ट्रंकेवर बसले आणि म्हणाले, "म्हंजे गावानं मागितलंच न्हवतं." एवढा मोठा माणूस, पण तोंड असं झालं होतं की मला बघवेना. मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफीचं ऱ्हाऊ द्या. तुमी खरं लिवता म्हनून इचारतो. माझा आवाज गेला का?"

अकरा वर्षांत मला कुणी एवढा अवघड प्रश्न विचारला नाही. खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, "वरचा गेला. खालचा आहे, आणि तो पूर्वी नव्हता इतका चांगला आहे. पट्टी दोन सुरांनी उतरवा. पद एकदाच म्हणा. कुणी कितीही ओरडो, दुसऱ्यांदा म्हणू नका. असं केलंत तर आणखी दहा वर्षं गाल. असंच चालू ठेवलंत तर यंदाची दिवाळी तुमचा आवाज बघणार नाही."

"लई कडू बोलता मास्तर," ते म्हणाले. पण डोळे पुसून त्यांनी पेटीवाल्याला हाक मारली.

रविवारी दुपारचा खेळ होता. या वेळी डोळे न मिटता मी पुन्हा पिटातच बसलो. सोलापूरकरांनो, तुमच्यातले जे त्या दिवशी थिएटरात होते त्यांना आठवत असेल. दुसऱ्या अंकात तेच पद, पण दोन सूर खाली. सुरुवातीला लोक चुळबुळले. मग हळूहळू सगळं थिएटर पुढे झुकलं. जिथे आधी नुसती चमक होती तिथे दुखणं ऐकू यायला लागलं. नायिकेला नवऱ्याने टाकलं आहे हे पहिल्यांदाच खरं वाटलं. पद संपायच्या आधी गॅलरीतून ठरलेली ओरड झाली. मल्हाररावांनी पद पुरं केलं, हात जोडले आणि मान हलवली. नाही. पुन्हा ओरड. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ओरड झाली तेव्हा नरसय्या पिटात उभा राहिला आणि वर बघून तेलुगूत असं काही बोलला की मागाची सगळी मंडळी खो खो हसली आणि ते तिघे खाली बसले. काय बोलला ते मी पुढे विचारलं. छापण्यासारखं नाही. पण त्या एका वाक्यापुढे माझी पुष्कळ परीक्षणं फिकी आहेत.

घरी जाऊन मी लिहायला बसलो. आयुष्यातलं सर्वांत चांगलं परीक्षण लिहिलं, असं अजून मानतो. आधी माझी चूक कबूल केली. मग पट्टी का उतरवली आणि त्याने पदाचं काय झालं ते सांगितलं. वन्स मोअर नाकारणं हाही अभिनय असतो, असं लिहिलं. तिसऱ्या अंकातली दोन वैगुण्यंही दाखवली. कौतुकाच्या भरात वैगुण्यं झाकली तर कौतुकावर कोण विश्वास ठेवील? कागद अण्णांच्या हाती दिला. गुरुवारी कंपनी बार्शीला गेली.

शनिवारी अंक उघडला. माझं सदर, माझं नाव, आणि त्याखाली हा मजकूर: 'रविवारच्या खेळात श्री. मल्हारराव यांनी दुसऱ्या अंकातील पदास लागोपाठ पाच वन्स मोअर घेतले. आवाज तिळभर ढळला नाही.'

मी अण्णांच्या पेढीवर गेलो नाही, धावलो. अण्णा गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी अंक समोर आपटला. "हे काय आहे?"

"अय्यो, ओरडू नका मास्तर. मॅनेजर येऊन बसला होता. म्हणाला, तुमच्या माणसाने आमचा नट बिघडवला. त्याच्या पाकिटात होतं ते लावून टाकलं. त्यात वाईट काय लिहिलंय? स्तुतीच आहे की."

"पण तसं झालंच नाही! त्याने एकही वन्स मोअर घेतला नाही. थिएटरभर लोकांनी पाहिलं."

"लोक विसरतात."

"आणि माझं नाव?"

"तुमच्या नावाला किंमत आहे म्हणून तर घातलं." वर अण्णा मला शहाणपण शिकवायला लागले. म्हणाले, "आता थिएटरात बोलपट येणार. त्याचे अभिप्राय मुंबईहून छापून तयार येतात. परीक्षक लागतोच कशाला? तुम्ही काहीही लिहा, पडद्यावरचं चित्र बदलतंय थोडंच?"

हे वाक्य मात्र त्यांच्याकडून अगदी बरोबर निघालं. चित्र बदलत नाही. नट बदलू शकतो, म्हणून तर त्याच्याविषयी खरं लिहायला माणूस लागतो. मी हे त्यांना सांगितलं आणि तिथल्या तिथे राजीनामा दिला. पुण्या-मुंबईच्या पत्रांना लांबलचक निषेध पाठवला: परीक्षकाच्या स्वातंत्र्यावर घाला, नाट्यपरीक्षणाचं भवितव्य काय, वगैरे वगैरे. दोन ठिकाणी छापूनही आला. लोकांनी पाठ थोपटली आणि मला फार बरं वाटलं.

इथे, वाचकहो, मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. एवढे सगळे कागद मी काळे केले, पण बार्शीला एक कार्ड टाकायचं मला सुचलं नाही. 'मल्हारराव, ते मी लिहिलेलं नाही', एवढंच लिहायचं होतं. पण माझ्या डोक्यात माझं नाव, माझा अपमान, माझा धंदा. ज्या माणसाच्या घशासाठी हा सगळा प्रकार झाला, तो माणूसच मी विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात नरसय्या बाजारात भेटला. म्हणाला, "मास्तर, तुमचा मल्हारराव कुंभारीला आलाय. बोलत न्हाय कुनाशी." मी दुसऱ्याच दिवशी कुंभारीला गेलो. जाताना ते न छापलेलं परीक्षण खिशात घातलं. छापखान्यातून राजीनाम्याच्या दिवशी मी ते उचलून आणलं होतं.

मल्हारराव घरामागे मेंढरांच्या वाड्याशी बसले होते. केस कापलेले. मला बघून उठले, घोंगडी झटकून पसरली. बोलले तेव्हा मी चरकलो. आवाज नव्हताच. नुसती हवा, घासून आल्यासारखी.

"बसा मास्तर. तुमच्या लिवन्यापरमानं केलं बगा, पर न्हाय जमलं."

"माझ्या लिहिण्याप्रमाणे?"

"बार्शीत मॅनेजरनं पेपर वाचून दाकवला. तुमचं नाव हाय म्हनाला. पाच वन्स मोअर, आवाज ढळला न्हाय. मी म्हनलं, असं कसं? मी तर एक बी घेतला न्हवता. मंग वाटलं, मास्तर कदी खोटं लिवत न्हाईत. मला खूण केली आसंल. आता घसा बरा झालाय, गाऊ शकतो, असं म्हनायचं आसंल. भिंतीवर बी तेच चिकटवलं व्हतं. लोकं पाच मागायची. मी पट्टी चढवली. महिनाभर दिलं. मंग एक दिशी पद म्हनाया उभा ऱ्हायलो आनि काय आलंच न्हाय."

मी तिथे त्या घोंगडीवर रडलो. लपवत नाही. साठ वर्षांचा होत आलेला माणूस, चार माणसांत ताठ मानेने वावरणारा, मेंढरांच्या वाड्याशी बसून लहान मुलासारखा रडलो. ते मी लिहिलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. अण्णांचं सांगितलं, मॅनेजरच्या पाकिटाचं सांगितलं, आणि कार्ड न टाकल्याचंही सांगितलं. ते ऐकून घेत होते. मध्ये एकदा फक्त म्हणाले, "व्हय का."

मग त्यांनीच विचारलं, "तुमचं खरं काय व्हतं?"

मी कागद काढला आणि वाचायला लागलो. माझी कबुली, उतरवलेली पट्टी, पदातलं दुखणं, हात जोडून दिलेला नकार. ते मान खाली घालून ऐकत होते. तिसऱ्या अंकातली वैगुण्यं आली तेव्हा मी थांबलो. आता ती वाचून काय करायचं? पण त्यांनी हाताने खूण केली, वाचा. मी वाचलं: 'तिसऱ्या अंकात निरोपाचे वाक्य बोलून होताच ते प्रेक्षकांकडे वळले, त्यामुळे दुःखाचा भंग झाला.'

मल्हाररावांनी मान वर केली. "न्हाय," त्या घासलेल्या आवाजात ते म्हणाले. "मी वळलो न्हवतो. माझा पदर खिळ्याला अडकला व्हता, तो सोडवत व्हतो. तुमी पिटात व्हता, तितनं खिळा दिसत न्हाय. चुकीचं लिवलंय. दुरुस्त करा."

मी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली, ते वाक्य खोडलं आणि ते सांगतील तसं नीट लिहून घेतलं.